शिफारस आणि दुरुस्ती : कोकण कृषी विद्यापीठाची पन्नास वर्षे

दापोलीच्या विद्यापीठाने पन्नास वर्षांत प्रसारित केलेले वाण, विकसित केलेली अवजारे आणि मान्य झालेल्या शिफारशी यांची यादी वार्षिक अहवालांतून सहज मिळते. ती लांबलचक आहे आणि अभिमानास्पदही आहे. पण यादी वाचून संस्था कशी चालली हे कळत नाही. तीच यादी सालवार लावून कोणत्या नोंदीनंतर कोणती नोंद आली हे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. यातली बहुतेक महत्त्वाची कामे कोणाला अचानक सुचलेली नाहीत. आधीच्या कामात उरलेल्या उणिवेतून ती निघाली आहेत. एका प्रश्नाचे उत्तर बागेत गेले, तिथे ते अपुरे ठरले किंवा त्यानेच नवी अडचण उभी केली, आणि ती अडचण पुढच्या संशोधनाचा विषय झाली. संस्थेची कल्पकता मोजायची तर आपलेच उत्तर पुन्हा तपासायला ती किती तयार असते, यावरून मोजावी असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढील वृत्तांत त्याच मताच्या आधाराने मांडला आहे.

१९७२ पूर्वी : विखुरलेली केंद्रे

विद्यापीठ १९७२चे असले तरी काम त्याहून जुने आहे. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ सालचे. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले, वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ मध्ये आणि रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ मध्ये. दापोलीला कृषी महाविद्यालय १९६५ मध्ये निघाले. ही केंद्रे आपापल्या परीने चांगले काम करीत होती. पण भाताचे केंद्र भाताचा विचार करी आणि नारळाचे नारळाचा. ज्या शेतकऱ्याच्या मळ्यात भात, परसात नारळ-सुपारी आणि कातळाच्या कडेला आंबा-काजू आहे, त्याच्या सगळ्या शेतीचा एकत्र विचार करणे हे कोणा एका केंद्राचे काम नव्हते.

राहुरीला १९६८ मध्ये महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, पाणी धरून न ठेवणारी जांभी माती, उताराची वरकस जमीन आणि हिश्श्याहिश्श्यांत तुटलेली गुंठेवारी असलेल्या पट्ट्याला देशावरच्या शिफारशी कशा लागू पडणार? घाटाखालच्या शेतीला स्वतंत्र विद्यापीठ हवे, ही मागणी केवळ प्रादेशिक अस्मितेची नव्हती. जमीन आणि हवामान यांच्या भिन्नतेवर ती उभी होती. १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि मुंबईपासून सावंतवाडीपर्यंतची केंद्रे एका छताखाली आली.

१९७२–८२ : पाया

पहिल्या दशकातल्या अडचणी आज सांगितल्या तर नव्या पिढीला खऱ्या वाटणार नाहीत. दापोलीहून वेंगुर्ल्याला जायचे म्हणजे घाटवळणांचा दिवसभराचा प्रवास. कोकण रेल्वे तेव्हा प्रत्यक्षात आलेली नव्हती. घरटी एक-दोन कर्ते पुरुष मुंबईत, गावात म्हातारी माणसे आणि मनीऑर्डरीवर चालणारी चूल. अशा ठिकाणी नवे तंत्र कोणाच्या हातात द्यायचे, हाच पहिला प्रश्न. त्यात विद्यापीठाची मुख्य पिके झाडांची. भाताच्या प्रयोगाचे उत्तर चार-पाच महिन्यांत येते, आंब्याच्या संकराचे यायला दहा-पंधरा वर्षे जातात. मोहोरात हजारो फुले असतात, त्यांतली संयोगी फुले थोडी, हाताने परागीकरण केलेल्यांपैकी धरणारी त्याहून थोडी, आणि धरलेली कणीही बरीचशी गळून जाते. म्हणून या काळात हाती आलेल्या यशाचे श्रेय शास्त्रज्ञांइतकेच फांद्यांवर चिठ्ठ्या बांधणाऱ्या, रोज गळ मोजणाऱ्या आणि नोंदवह्या भरणाऱ्या सहायकांना, माळ्यांना आणि मजुरांना जाते. त्यांची नावे अहवालात सहसा येत नाहीत, म्हणून हा उल्लेख.

या दशकाचा कळीचा विषय रोपवाटिका हा होता. जुनी भेटकलमे मातृवृक्षाच्या फांदीला रोप बांधून, महिनोन्‌महिने सांभाळून करावी लागत. झाड एक आणि त्यावर होणारी कलमे मोजकी. नुकत्याच रुजलेल्या, दहा-पंधरा दिवसांच्या रोपावर बांधायचे कोयकलम कोकणच्या पावसाळी हवेत पक्के झाले, आणि कलमे शेकड्याने नव्हे, हजारांनी तयार होऊ लागली. काजूतही तेच घडले. तोवर काजू बियांपासून लावला जाई; त्यामुळे बागेतले प्रत्येक झाड निराळे, कुठे बी टपोरी तर कुठे बारीक. १९७४ मध्ये निवड पद्धतीने आलेला ‘वेंगुर्ला-१’ हा चांगला वाण होता. पण बी लावून त्याचे गुण टिकले नसते. मृदुकाष्ठ कलमाने वाण आणि तंत्र यांची सांगड घातली. १९८१ मध्ये ‘मिदनापूर रेड’ आणि ‘वेटोरे-५६’ यांच्या संकरातून ‘वेंगुर्ला-४’ आला आणि त्याच वर्षी नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा आंबा प्रसारित झाला. मासेमारीचे शास्त्रीय शिक्षण देणारे रत्नागिरीतील शिरगावचे मत्स्य महाविद्यालयही १९८१चेच. रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला तोही याच वर्षी.

१९८२–९२ : रत्नाचा धडा

‘रत्ना’कडे विद्यापीठाने मोठ्या आशेने पाहिले होते, आणि तसे पाहण्याला कारण होते. हापूसला दोन जुनी दुखणी आहेत. एक वर्षाआड फळण्याचे, दुसरे साक्याचे. वरून देखणा आंबा कापला की आत पांढरट, आंबूस गर निघतो आणि बागायतदाराची पत जाते. नीलम दरवर्षी फळतो आणि त्याला साका नाही. रत्नात हे दोन्ही गुण उतरले. १९९२ मध्ये रत्ना पुन्हा हापूसशी संकरित करून ‘सिंधू’ काढला. त्याची कोय अगदी पातळ आणि गर भरपूर. शास्त्रीय निकषांवर दोन्ही वाण उजवे होते.

आणि तरी कोकणच्या बागा आजही हापूसच्याच आहेत. यावर घेतला जाणारा आक्षेप सरळ आहे. ज्या वाणांसाठी वीस-वीस वर्षे खर्ची घातली ते बागायतदाराने लावलेच नाहीत, मग यात संस्थेचे यश कुठे? आक्षेपातले तथ्य नाकारण्यात अर्थ नाही. वाशीच्या बाजारात पेटीचा भाव आतल्या गराइतकाच वरच्या नावावर ठरतो, आणि ‘हापूस’ या नावाची किंमत कोणत्याही संकराला मिळाली नाही. पण पुढे काय झाले ते पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. बाजार झाड बदलू देत नाही हे स्पष्ट झाल्यावर प्रश्नच बदलला गेला. हापूसला पर्याय शोधण्याऐवजी हापूस ठेवूनच त्याची दुखणी कशी कमी करता येतील, हा पुढच्या तीस वर्षांच्या कामाचा विषय झाला. साक्याबाबत फळ पूर्ण तयार होईपर्यंत झाडावर न ठेवता चौदा आणे झाल्यावर काढावे, ही शिफारस त्याच दिशेची. त्यात नवे झाड लावावे लागत नाही, फक्त काढणीचा दिवस बदलतो. रत्ना फारसा लावला गेला नाही हे खरे. पण संस्थेला बागायतदाराच्या बाजूने विचार करायला त्याने लावले हेही खरे. प्रस्तुत लेखकाच्या मते रत्ना हे विद्यापीठाचे सर्वांत उपयोगी पडलेले अपयश आहे.

भातातली या काळातली मोठी गोष्ट म्हणजे डॉ. ना. कृ. सावंत यांच्या नावाशी जोडली गेलेली चारसूत्री. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर अंतराने नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी. यातले एकही सूत्र सुटे पाहिले तर चमत्कारिक नाही. पण पाऊस धो धो कोसळतो तेव्हा फोकून टाकलेला युरिया वाहून जातो, हे कोकणातला प्रत्येक शेतकरी जाणून होता. गोळी चिखलात खोचली की खत मुळापाशी राहते; गोळी खोचायची तर चूड ओळीत हवेत; म्हणून दोरी. एक सूत्र दुसऱ्याची गरज निर्माण करते. दोरीने लावणी करायला वेळ लागतो ही तक्रार होती, आजही आहे. त्यामुळे चारही सूत्रे सगळीकडे पाळली गेली नाहीत, मात्र गोळीखताचा प्रसार झाला.

१९९२–२००२ : लागवडीचा पूर आणि कल्टार

१९९० मध्ये राज्य शासनाने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आणली. अल्पभूधारकाला शंभर टक्के अनुदानावर आंबा-काजू लावता येऊ लागला आणि पडीक वरकस जमिनी हिरव्या होऊ लागल्या. योजना शासनाची, खड्डे शेतकऱ्यांचे; पण तेवढ्या संख्येने खात्रीची कलमे मिळाली ती पहिल्या दशकातल्या कोयकलमाच्या व मृदुकाष्ठ कलमाच्या कामामुळे. पंधरा वर्षांपूर्वी अगदी तांत्रिक वाटलेले काम धोरणाला असे उपयोगी पडले. काजूतही थांबले नाहीत. ‘वेंगुर्ला-१’ची बी साधारण सहा ग्रॅमची, ‘वेंगुर्ला-४’ची साडेसात ग्रॅमच्या पुढे आणि १९९७ मध्ये आलेल्या ‘वेंगुर्ला-७’ची दहा ग्रॅमच्या आसपास. टपोरा गर निर्यातीच्या वरच्या प्रतीत बसतो, म्हणून हे वाढते आकडे महत्त्वाचे.

कोकम आणि जायफळ यांतली अडचण निराळी होती. या झाडांत नर-मादी वेगळी. रोप लावून पाच-सात वर्षे खत-पाणी करायचे आणि शेवटी निम्मी झाडे नर निघायची. १९९७ मध्ये आलेला ‘कोकण अमृता’ कोकम कलमांनी वाढवता येतो, त्यामुळे मादी झाडाची खात्री मिळाली. ‘कोकण सुगंधा’ या जायफळाच्या झाडावर दोन्ही प्रकारची फुले येतात. परसातले दुर्लक्षित झाड व्यापारी पीक होण्याच्या वाटेवर आले ते या लहान वाटणाऱ्या दुरुस्त्यांमुळे. कर्जत केंद्राचा ‘सह्याद्री’ हा संकरित भातही १९९८चा, आणि कोकण रेल्वे त्याच वर्षी पूर्ण मार्गाने धावू लागली. २००१ मध्ये विद्यापीठाला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले.

पण या दशकाचे नाव बागायतदारांच्या तोंडी विचाराल तर ते कल्टारचे दशक. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल; हे संजीवक झाडाची अनावश्यक पालवी रोखते आणि त्याला मोहोराकडे वळवते. दहा वर्षांवरच्या निरोगी झाडाला, जुलै-ऑगस्टमध्ये, विस्ताराच्या दर मीटरला ३ मिलिलिटर, आणि सोबत पुरेसे खत, अशी विद्यापीठाची शिफारस होती. हापूस दरवर्षी धरू लागला. रत्नाने जे साधायचे होते ते हापूसच्याच झाडावर साधले.

इथेही तक्रार उभी राहिली, आणि ती जोरदार होती. पाच-सात वर्षे कराराने घेतलेल्या बागेत मात्रा दुप्पट-तिप्पट झाली, खत मात्र कमी. झाडे खालावली आणि ‘विद्यापीठाने विष दिले’ असे बोलले गेले. ज्या शर्तींवर शिफारस होती त्या शर्ती पाळल्या गेल्या नाहीत, हे विद्यापीठाचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ते पुरेसे नाही. बाग ज्याची तो आणि बाग जो राखतो तो, या दोघांचे हित जिथे एक नाही तिथे शर्त कोण पाळणार, हा विचार शिफारशीतच यायला हवा होता. या मुद्द्यावर विद्यापीठात आणि बाहेर मतभेद झाले. ते इथे उगाळण्याचे कारण नाही. त्यातून काम काय निघाले, ते सांगणे उचित.

२००२–१२ : जुन्या बागा, नवी बाजारपेठ

निघाले ते जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाचे काम. दहा बाय दहा मीटरवर लावलेली झाडे चाळीस-पन्नास वर्षांत एकमेकांत शिरली होती. आत ऊन नाही, वर शेंड्याला मोहोर, फवारणी पोचत नाही आणि काढणीला माणूस चढायला तयार नाही. अशी झाडे टप्प्याटप्प्याने छाटून पुन्हा फळती करण्याची पद्धत विद्यापीठाने बसवली. तिनेही नवा प्रश्न आणलाच. छाटलेल्या जखमांतून खोडकिडा शिरतो. म्हणून बोर्डोपेस्ट, देखरेख आणि येणाऱ्या फुटीची विरळणी हे सारे त्या शिफारशीचे भाग झाले. पुढे छाटणी धरूनच कमी अंतरावरची घन लागवड सुचवली गेली.

जपानने २००६ मध्ये आणि अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला दारे उघडली, तेव्हा देठाजवळचा चिकाचा डागही पेटी नाकारायला पुरेसा ठरू लागला. जुन्या झेल्याने आंबा ओढून काढला की देठ तुटतो आणि चीक सालीवर ओघळतो. नूतन झेल्याला पाते आहे. देठासकट आंबा निघतो. फळमाशीसाठी रक्षक सापळा आला. भाट्ये केंद्राची लाखी बाग, म्हणजे नारळाच्या सावलीत मिरी, दालचिनी, जायफळ, ही याच वृत्तीतली. एका पिकाच्या केंद्राने शेवटी साऱ्या बागेचा विचार केला. कातळावरच्या कलमांना उन्हाळ्यात पाणी देण्यासाठी चार हजार लिटरचा जलकुंडही तसाच.

याच संदर्भात दुसरा आक्षेप ऐकू येतो. झेला काय किंवा मिश्र बाग काय, शेतकरी हे आधीपासून करीतच होता. विद्यापीठाने फक्त शिक्का मारला. मिश्र बागेची परंपरा केळशी-गुहागरच्या आगरांत जुनी आहे, हे निर्विवाद. मात्र एका आगरात जमलेली गोष्ट दुसऱ्या गावात जमेल का, किती झाडे, किती अंतर, किती खत, याचे उत्तर एका आगरातून मिळत नाही. त्यासाठी तीच गोष्ट चार ठिकाणी, तीन हंगाम, मोजून करावी लागते. त्यानंतर चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीपुढे, जिला सगळे ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात, ती मांडावी लागते. तिथे इतर विद्यापीठांचे शास्त्रज्ञ आकडे तपासतात, उलट प्रश्न विचारतात आणि पुष्कळदा ‘आणखी एक वर्ष घ्या’ म्हणून परत पाठवतात. हा व्याप संथ आहे आणि बागायतदाराला त्याचा वैताग येतो. घाईत दिलेल्या एका चुकीच्या सल्ल्याने पन्नास वर्षांचे झाड जाऊ शकते, हे लक्षात घेतले तर आंब्याच्या बाबतीत तरी हा संथपणा क्षम्य मानावा. किडीच्या बाबतीत तो तितका क्षम्य नाही, आणि त्याचा प्रत्यय पुढच्या दशकात आला.

२०१२–२२ : वादळे आणि फुलकिडे

मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. त्यानंतर ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर फळे ठेवण्याची प्रक्रिया युरोपच्या निर्यातीत रुळली, आणि सापळा व फळांना कागदी पिशव्या घालण्याची शिफारस यांना निराळेच वजन आले. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या नोंदणीकृत धारकांत बागायतदारांच्या संस्थांबरोबर विद्यापीठही आहे. ज्या नावाने रत्नाला मागे सारले त्याच नावाचे रक्षण करण्याची जबाबदारी विद्यापीठाकडे यावी, यात एक गंमत आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरची नारळ-सुपारीची आगरे झोपवली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात, ऐन काढणीत, तौक्ते आले. आंब्यावर फुलकिड्यांचा उपद्रव वाढला, थंडी लांबली, मोहोर दोन-तीन टप्प्यांत येऊ लागला आणि अवकाळी पावसाने फवारणीचे वेळापत्रक कोलमडले. फवारण्यांचे वेळापत्रक हे विद्यापीठाचे बागायतदारांना सर्वांत परिचित असलेले पत्रक; ते ठरावीक मोहोराच्या गृहीतावर बांधलेले होते. तारखेऐवजी मोहोराच्या अवस्थेवरून आणि किडीच्या संख्येवरून सल्ला देणे, हवामानाच्या अंदाजाशी तो जोडणे, आणि तो तालुकानिहाय व वेळेवर पोचवणे हे काम सुरू आहे. ते पुरेशा वेगाने होत नाही ही तक्रार रास्त आहे. दोन-तीन हंगामांच्या चाचणीची शिस्त न मोडता हंगामातल्या हंगामात तात्पुरता सल्ला कसा द्यायचा, यावर विद्यापीठाला अजून पक्की पद्धत बसवायची आहे.

आज

दापोलीचा परिसर, वेंगुर्ले, भाट्ये, शिरगाव, कर्जत, पनवेल येथील केंद्रे, कृषी विज्ञान केंद्रे आणि घटक महाविद्यालये मिळून विद्यापीठाचे शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे चालतात. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी गावांत राहतात. त्यांच्या वह्यांत शेतकऱ्यांच्या तक्रारी आणि कुठल्याही प्रयोगात न दिसलेल्या गोष्टी उतरतात. या वह्या गुण देऊन बाजूला न ठेवता संशोधन संचालनालयाकडे पद्धतशीरपणे जाव्यात, अशी सूचना या निमित्ताने करावीशी वाटते. कल्टारच्या बाबतीत जे पंधरा वर्षांनी कळले ते कदाचित तीन वर्षांत कळले असते.

बागायतदारांनाही एक विनंती. यंदाच्या हंगामात विद्यापीठाची जी शिफारस तुमच्या बागेत लागू पडली नाही, ती कोणत्या झाडांवर, कोणत्या महिन्यात, किती मात्रेने वापरली आणि काय झाले, एवढे चार ओळींत लिहून शिरगाव, भाट्ये, वेंगुर्ले किंवा दापोली यांपैकी जवळच्या केंद्राला पावसाळ्यापूर्वी द्यावे.